सोसायटीची कमिटी आणि सभासदांचा विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीत मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. जबाबदारी सोडल्यावर आजूबाजूच्या सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार सल्ल्यासाठी येऊ लागले. पाणी, पार्किंग आणि पुनर्विकास असे विषय घेऊन ते येतात, पण बोलता बोलता गाडी एकाच ठिकाणी अडते: "लोकांचा आमच्यावर विश्वासच नाही हो." त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी (सोसायटीचे स्वतःचे नियम) स्वीकारले आहेत ते मात्र एकदा उघडून बघा, कारण सोसायटी-सोसायटीत थोडा फरक असतो.

१. कमिटीने सभासदांना कायद्याने काय काय सांगायलाच हवं?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. तिथून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते. सभेपुढे जमाखर्च, ताळेबंद, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि मागच्या सभेचं इतिवृत्त ठेवायचं असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला सोसायटीचे ठरावीक कागद पाहण्याचा आणि शुल्क भरून त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क आहे. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी '१३-ख' हे वेगळं प्रकरण आलं. त्यातही हा हक्क आहे.

हा झाला किमान भाग. कमिटीवर विश्वास बसायला तो पुरत नाही. का, ते प्रश्न २ मध्ये.

२. आम्ही दरवर्षी सभेत हिशेब ठेवतो, ऑडिटही होतं. तरी लोक "कमिटी पैसे खाते" असं का बोलतात?

कारण मार्चमध्ये संपलेल्या वर्षाचा हिशेब सभासदाच्या हातात सप्टेंबरमध्ये पडतो. मागच्या वर्षी मे महिन्यात पंप जळला असेल, तर त्याचा खर्च त्याला सोळा महिन्यांनी दिसतो आणि तोही 'दुरुस्ती व देखभाल' या एका ओळीत. त्या ओळीत पंप आहे, गच्चीचं डांबर आहे, लिफ्टचा दोर आहे. त्याला दिसते ती फक्त मोठी रक्कम. जे दिसत नाही तिथे माणूस आपापली गोष्ट रचतो, आणि सोळा महिन्यांत अशी गोष्ट चांगलीच पक्की होते.

माझ्या पहिल्या तीन वर्षांत आमचे हिशेब चोख होते. एका पैशाचाही घोळ नव्हता. तरीही कुजबुज होती, आणि मला तिचा फार राग यायचा. "प्रामाणिकपणे, फुकट काम करतो आणि वर हे ऐकायचं!" तळमजल्यावरच्या एका आजींनी मला एकदा शांतपणे विचारलं, "तू प्रामाणिक आहेस हे मला कळणार कसं?" त्या दिवसापासून मी महिन्याचं पत्रक सुरू केलं. प्रामाणिक असणं माझ्या हातात होतं, पण ते लोकांना दिसेल अशी सोय मी केलेली नव्हती.

३. महिन्याच्या पत्रकात नेमकं काय लिहायचं?

एकच पान. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. पाच हजारांवरचा प्रत्येक खर्च वेगळ्या ओळीत: कोणाला दिले, कशासाठी दिले, बिल क्रमांक काय. (मर्यादा तुम्ही तुमच्या आकारमानाप्रमाणे ठरवा.) मुदत ठेवी कोणत्या बँकेत, किती आणि कधी पिकतात. थकबाकीची एकूण रक्कम. शेवटी दोन परिच्छेद: या महिन्यात काय झालं आणि काय राहून गेलं.

'राहून गेलं' हा भाग अजिबात गाळू नका. "टाकी साफ करायची होती, माणूस आला नाही, १२ तारखेला येणार आहे" हे एक वाक्य दहा तक्रारी थांबवतं. 'किरकोळ खर्च' आणि 'इतर' ही दोन खाती शक्यतो रिकामी राहू द्या, कारण संशय सर्वांत आधी तिथेच जातो. पत्रक फलकावर लावा, ग्रुपवर टाका आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या दाराखालून सरकवा. तारीख पाळा. आमचं पत्रक ७ तारखेला निघायचं. आकडे अपुरे असले तर तसं लिहून निघायचं, पण ७ लाच.

४. मेंटेनन्स वाढवावा लागणार आहे. लोक चिडू नयेत म्हणून कसं सांगावं?

लोक चिडणारच, तेवढी मुभा त्यांना द्या. 'नाममात्र वाढ', 'किंचित सुधारणा' असे शब्द मात्र टाळा. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला महिन्याला सहाशे रुपये नाममात्र नसतात. जुना आकडा, नवा आकडा आणि फरक रुपयांत लिहा.

मग कारण सांगा. बहुतेक सोसायट्यांत खरं कारण असं असतं की आधीच्या कमिट्यांनी वर्षानुवर्षं वाढ टाळली. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारने नमुना म्हणून दिलेल्या उपविधींप्रमाणे, सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी ०.७५ टक्के दरसाल जमा व्हायला हवेत. तुमच्याकडे किती होतात ते शेजारी लिहा. दर ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, म्हणून सभेपुढे खरोखरचे पर्याय ठेवा: आहे तो दर ठेवला तर कोणती कामं पुढे ढकलावी लागतील, मधला दर घेतला तर काय होईल, पूर्ण वाढ केली तर काय. आधीच ठरवून टाकलेली गोष्ट 'चर्चेसाठी' म्हणून ठेवली तर सभासदांना ती पहिल्या पाच मिनिटांत कळते.

५. चालू कामाचा खर्च अंदाजापेक्षा वाढतोय. लगेच सांगावं, की काम संपल्यावर एकदम हिशेब द्यावा?

लगेच सांगा. इथे मी स्वतः चुकलो आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आमच्या इमारतीचं बाहेरचं प्लास्टर काढलं तेव्हा आतल्या कॉलमच्या सळ्या गंजून फुगलेल्या निघाल्या. कंत्राटदाराने नवा अंदाज दिला, तो जवळजवळ दीडपट होता. आम्ही सात जण सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्याच घरी बसलो आणि ठरवलं की आत्ता सांगितलं तर काम थांबेल, पावसाळा तोंडावर आहे, आधी पुरं करू. हेतू चांगला होता. पाच आठवड्यांनी ही गोष्ट कंत्राटदाराच्या मुकादमाकडून वॉचमनला आणि वॉचमनकडून साऱ्या इमारतीला कळली. खास सभेत गंजलेल्या सळ्यांवर कोणी बोललंच नाही. सळ्या दिसतच होत्या. तीन तास एकच प्रश्न चालला: "तुम्हाला कधी कळलं?" तारीख सांगताना माझी मान खाली होती.

काम योग्य होतं, दर योग्य होते, पुढे ऑडिटमध्येही काही निघालं नाही. तरी त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक सभेत कोणी ना कोणी विचारायचं, "अजून काही लपवलं नाही ना?"

तेव्हापासून एक पद्धत ठेवली. मंजूर रकमेपेक्षा खर्च दहा टक्क्यांवर जातोय असं दिसलं की तीन दिवसांत फलकावर सूचना: काय सापडलं (फोटोसह), अंदाज किती वाढतोय, आकडा पक्का आहे की नाही, निर्णय कोण आणि कधी घेणार. खास सर्वसाधारण सभा पूर्ण पाच दिवसांच्या सूचनेवर घेता येते, त्यामुळे 'वेळ नव्हता' ही सबब टिकत नाही.

६. "अजून माहीत नाही" असं लिहिलं तर कमिटी कच्ची वाटणार नाही का?

नाही, जर त्याच वाक्यात पुढची तारीख असेल तर. "पाणी कधी येईल ते महापालिकेने सांगितलेलं नाही. संध्याकाळी सहाला पुन्हा विचारून इथे लिहितो." आणि सहाला लिहायचंच, उत्तर मिळालेलं नसलं तरी.

७. कमिटीच्या हातून चूक झाली आहे. कबूल केली तर कोणी उपनिबंधकांकडे (सोसायट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे) जाईल. काय करावं?

ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पण चुकीचा माग कागदावर असतोच. लेखापरीक्षक तो काढतो, आणि त्यानंतर त्याने दाखवलेले दोष कसे दुरुस्त केले याचा, म्हणजे दोषदुरुस्तीचा, अहवाल 'ओ' नमुन्यात द्यावा लागतो. म्हणजे गोष्ट बाहेर येणार आहे, फक्त ती तुमच्या तोंडून येते की दुसऱ्याच्या, एवढंच तुमच्या हातात असतं.

लिहिताना चार गोष्टी लिहा: काय झालं, आम्हाला केव्हा कळलं, सोसायटीचं किती नुकसान झालं, भरून कसं काढणार. उदाहरणार्थ: "अग्निशमन यंत्रणेचा देखभाल करार जूनमध्ये संपला होता. त्याचं नूतनीकरण करायचं आम्ही विसरलो. ही बाब ३ ऑगस्टला लक्षात आली. या काळात यंत्रणेची तपासणी झालेली नाही. नवा करार ६ ऑगस्टपासून सुरू आहे." 'अनवधानाने', 'तांत्रिक कारणास्तव', 'काही अपरिहार्य परिस्थितीत' हे शब्द काढून टाका. वाचणाऱ्याला त्यांतून फक्त एवढंच कळतं की कोणीतरी काहीतरी झाकतंय.

अपवाद एक. पैशांचा अपहार झाल्याची शंका असेल तर नाव घेऊन फलकावर लिहू नका. आधी कागद सुरक्षित करा, वकील आणि लेखापरीक्षकाशी बोला, आणि सभासदांना एवढंच कळवा की हिशेबात तफावत आढळली आहे, तपासणी सुरू आहे, अमुक तारखेपर्यंत अहवाल सभेपुढे येईल.

८. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं का?

नाही. रात्री अकराला आलेल्या टोमण्याला अकरा वाजून दोन मिनिटांनी दिलेलं उत्तर मी आजवर एकदाही चांगलं झालेलं पाहिलेलं नाही. दोन ग्रुप करा: एक फक्त सूचनांचा, जिथे सेक्रेटरीच लिहील, आणि एक गप्पांचा. तक्रार लेखी किंवा ईमेलने घ्या, पोच द्या, उत्तर कधी मिळेल ते सांगा. एकच प्रश्न तीन जणांनी विचारला तर उत्तर सूचनांच्या ग्रुपवर सगळ्यांसाठी टाका. कोणाचीही पोस्ट उडवू नका. शिवीगाळ असेल तर उडवा आणि तसं लिहा. सभेची सूचना मात्र उपविधींत सांगितलेल्या पद्धतीनेच द्या, केवळ ग्रुपवर टाकून भागवू नका.

९. इतिवृत्तात भांडणं, विरोध हेही लिहायचं का?

भांडण नको, विरोध हवाच. "चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर" हे वाक्य ज्या सभेत नऊ जणांनी हात वर करून विरोध केला तिच्याबद्दल लिहिलं, तर ते नऊ जण पुढची पाच वर्षं तुमच्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवणार नाहीत. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती ते लिहा. ज्याला आपला विरोध नावानिशी नोंदवायचा आहे त्याचं नाव आणि एका ओळीत कारण लिहा. मसुदा आठवडाभरात फिरवा. उपविधी त्याहून बराच जास्त वेळ देतात, पण तोवर कोण काय बोललं हे प्रत्येकाला वेगळं आठवू लागतं.

१०. थकबाकीदारांची नावं फलकावर लावावीत का?

माझं मत: पहिल्यांदा नाही. आधी घरी जाऊन बोला. आमच्याकडे एका थकबाकीदाराची नोकरी गेली होती आणि घरात ते कोणाला माहीत नव्हतं. फलकावर नाव लागलं असतं तर ते कुटुंब आयुष्यभर आमच्याशी बोललं नसतं. हप्ते ठरवून घेतले, पूर्ण रक्कम आली.

सभासदांपासून रक्कम मात्र लपवू नका. 'एकूण थकबाकी इतकी, इतक्या घरांकडे, वर्षावरची इतकी' हे दर महिन्याला लिहा. व्याज सगळ्यांना सारखं लावा. आदर्श उपविधींत ते कमाल २१ टक्के, सरळ व्याजाने आहे. जाणूनबुजून न भरणाऱ्याविरुद्ध सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ ख-२९ खाली वसुली दाखल्यासाठी (थकबाकी सक्तीने वसूल करता यावी म्हणून मिळणारा दाखला) अर्ज करता येतो, आणि तो कराल हे त्याला आधी लेखी कळवा. पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं हे मार्ग नाहीत. आणि कमिटीतल्या कोणाची थकबाकी असेल तर त्याने ती या विषयावर तोंड उघडण्याआधी भरावी.

११. सगळंच सांगायचं तर गोपनीय काहीच नाही का?

आहे. कोणाचा आजार, घरगुती वाद, कोणाच्या घरी कोण येतं याचं सीसीटीव्ही चित्रण, पाकिटं उघडण्याआधीचे निविदेतले दर, चालू दाव्यात वकिलाने दिलेला सल्ला. अशा वेळी गप्प बसू नका, "हे सांगता येणार नाही" असं स्पष्ट सांगा, कारण द्या, आणि कधी सांगता येईल तेही सांगा. "निविदा २० तारखेला सर्वांसमोर उघडू, तोवर दर आम्हालाही माहीत नाहीत."

१२. कमिटी सदस्याच्या मेव्हण्याची निविदा सर्वांत स्वस्त आहे. द्यावी का?

टाळता आली तर टाळा. कमिटी सदस्याचा स्वतःचा हितसंबंध असलेला करार तर उपविधींतच बसत नाही. फक्त नातं असेल, तर ते निविदा उघडण्याआधी, सदस्याने स्वतः, लेखी सांगायला हवं. त्याने चर्चेतून उठून जावं आणि ते इतिवृत्तात यावं. निर्णय सर्वसाधारण सभेने घ्यावा. काम दिल्यावर नातं कळलं, तर पाच हजार वाचले हे कोणाच्याही लक्षात राहत नाही.

१३. सोसायटीचे पैसे ज्या बँकेत आहेत तिच्यावर निर्बंध आले. सभासदांना कसं तोंड द्यावं?

२३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुंबई-ठाण्यातल्या कित्येक सोसायट्यांचे दुरुस्तीचे पैसे त्यात अडकले. तेव्हा ठेव विम्याची मर्यादा १ लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. ही मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेसाठी, म्हणजे सबंध सोसायटीला मिळून, एकच असते. वीस लाखांची ठेव एकाच बँकेत असेल तर पंधरा लाख विम्याबाहेर आहेत, हे सभासदांना संकटाआधीच माहीत असायला हवं. म्हणून ठेवींची यादी महिन्याच्या पत्रकात द्यायची (प्रश्न ३).

निर्बंध आलेच तर त्याच दिवशी लिहा: किती अडकले, पगार आणि विजेचं बिल भागवायला हाताशी किती आहेत, किती दिवस पुरतील. "घाबरू नका" असं लिहू नका. आकडे पाहून घाबरायचं की नाही ते सभासद ठरवतील.

१४. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल वाईट आला. लोक घाबरतील, फ्लॅटचे भाव पडतील. थोडे दिवस थांबू का?

एक दिवसही नाही. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं, ते लोकांचा जीव वाचावा म्हणून. अहवाल पूर्ण द्या, सारांश नको. अभियंत्याला सभेला बोलवा आणि सभासदांना थेट विचारू द्या. कोणती गॅलरी वापरायची नाही, कोणत्या खांबाला टेकू लावला आहे, हे त्याच संध्याकाळी दारोदार जाऊन सांगा. इमारत 'सी-१' वर्गात, म्हणजे रिकामी करून पाडण्याच्या वर्गात गेली असेल, तर हा विषय कमिटीपुरता राहतच नाही. तिथे विलंब हा गुन्ह्यासारखाच समजा.

१५. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. कच्च्या गोष्टी सांगितल्या तर अफवा पसरतील ना?

अफवा पसरलेल्याच असतात. मी पाहिलेल्या बहुतेक मोडलेल्या पुनर्विकासांत सुरुवात अशी होती: चेअरमन आणि एका बिल्डरला कोणीतरी हॉटेलात एकत्र पाहिलं. कदाचित ती साधी भेट असेल. पण ती सभासदांना आधी माहीत नव्हती.

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली पुनर्विकासाची पद्धत घालून दिली आहे. सभेला दोन-तृतीयांश सभासदांची हजेरी लागते, मंजुरीला ५१ टक्के. (३ जानेवारी २००९ च्या आधीच्या निर्देशांत हे प्रमाण तीन-चतुर्थांश होतं.) विकासक निवडताना निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर असतो, सभेचं चित्रीकरण होतं. पण ५१ टक्के हे पुढे जाण्याचं किमान आहे. उरलेल्या ४९ टक्क्यांना अंधारात ठेवून पुढे गेलात तर त्यांतले काही जण कोर्टाची पायरी चढतील.

म्हणून भेटींची एक वही ठेवा: कोण भेटलं, कुठे, कमिटीतले कोण होते, काय बोलणं झालं. किमान दोन कमिटी सदस्य आणि कमिटीबाहेरचा एक सभासद असल्याशिवाय कोणत्याही विकासकाला भेटू नका. वही सोसायटीच्या ऑफिसात उघडी ठेवा. सगळ्या प्रस्तावांचा एकच तक्ता करा: चटई क्षेत्र (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र), भाडं किती महिन्यांचं, कॉर्पस (विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम), बँक हमी, मुदत, उशीर झाला तर काय. आणि ज्या गोष्टी कोणीही ठामपणे सांगू शकत नाही, जसं की तीन वर्षांत ताबा मिळेलच, त्या कमिटीच्या तोंडून कधीही जाऊ देऊ नका. ज्येष्ठ सभासद तारखेच्या भरवशावर आयुष्याचे बेत करतात.

१६. आधीच्या कमिटीचा घोळ आम्हाला सापडला. त्यांना उघडं पाडावं का?

कागद बोलू द्या. "मागच्या कमिटीने खाल्ले" असं म्हणू नका. "अमुक वर्षाच्या या तीन पावत्या मिळालेल्या नाहीत, आधीच्या पदाधिकाऱ्यांकडे १० तारखेला लेखी मागितल्या आहेत" असं म्हणा. त्यांचं उत्तर आलं की तेही तितक्याच ठळकपणे लावा. पैशांची शंका असेल तर प्रश्न ७ मधला अपवाद इथेही लागू आहे. दप्तरच मिळत नसेल तर उपनिबंधकांकडे अर्ज करा आणि अर्जाची प्रत फलकावर लावा.

१७. भाडेकरूंना किती सांगायचं?

हिशेब आणि ठराव सभासदांसाठी. पण पाणी, लिफ्ट, गॅस, आग, धोकादायक भाग याची प्रत्येक सूचना भाडेकरूलाही त्याच वेळी, त्याला कळेल त्या भाषेत.

१८. सगळं उघडं ठेवूनही दोन-तीन सभासद आरोप करतच राहतात. त्यांचं काय करावं?

आधी त्यांचा मुद्दा खरा आहे का ते पाहा. माझ्या नऊ वर्षांत सर्वांत जास्त पत्रं लिहिणाऱ्या गृहस्थांचे बरेचसे मुद्दे निराधार होते, पण लिफ्टच्या करारात आम्ही कर दोनदा भरत होतो, ही गोष्ट त्यांनीच शोधली. ती आम्ही पत्रकात त्यांच्या नावानिशी, आभार मानून लिहिली.

एकच आरोप पुन्हा पुन्हा येत असेल तर एकदा पूर्ण लेखी उत्तर द्या, आणि पुढच्या वेळी फक्त त्या पत्राची तारीख सांगा. ऑफिसात बसून कागद पाहायला वेळ ठरवून द्या, सोबत खजिनदार असू दे, चहा विचारा. आणि पुढच्या निविदेची पाकिटं उघडायच्या दिवशी त्यांनाच पंच म्हणून बोलवा, पाकिटावर त्यांचीही सही घ्या.